तुम्ही विचारलंत म्हणून: रँकल घालूनही ऑस्टिओक्लास्ट का होत नाहीत?

ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड खाणाऱ्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी. मॅक्रोफेज नावाच्या पेशी एकमेकींत मिसळून त्या बनतात, आणि तसा इशारा देणारं प्रथिन म्हणजे रँकल. ते घालून पाच-सहा दिवस झाले, तरी प्लेटमध्ये नुसते मॅक्रोफेजच. मात्रा वाढवू का? हा प्रश्न हमखास येतो. सहसा वाढवू नका, गडबड आधीच झालेली असते.

उंदराच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतली मज्जा 10 टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलेल्या अल्फा-एमईएममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या मीडियममध्ये, रात्रभर ठेवा. तळाला चिकटलेल्या पेशी सोडा, तरंगणाऱ्या घ्या. त्यांना तीन दिवस मिलीलिटरला 30 नॅनोग्रॅम एम-सीएसएफ, म्हणजे मॅक्रोफेज वाढवणारं प्रथिन, द्या. त्यावर पेशी वाढतात आणि त्यांच्यावर रँक हा रिसेप्टर, म्हणजे रँकलला पकडणारं प्रथिन, येतो. तोच नसेल तर रँकल कितीही ओता. मग पेशी ईडीटीए या रसायनाने तळापासून सोडवून, मोजून पेरा आणि रँकल सुरू करा, मिलीलिटरला 50 ते 100 नॅनोग्रॅम. एम-सीएसएफ मात्र थांबवायचं नाही.

खरी मेख पेरणीत आहे. 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे 10 ते 50 हजार पेशी चालतात, पण आपला आकडा आपणच ठरवावा लागतो. पेशी विरळ पडल्या तर शेजारीच नसतो, मग एकजीव व्हायचं कोणाशी? फार दाट पडल्या तर मीडियम लवकर पिवळं पडतं आणि पेशी तळापासून सुटतात. सीरमचा नवा लॉट आला की हे पुन्हा तपासा. मीडियममध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) असेल तर आणखी पंचाईत: रँकलच्या आधी ते पेशींची वाटच बदलतं, नंतर आलं तर उलट ऑस्टिओक्लास्ट वाढवतं.

रँकल दिल्यापासून तिसऱ्या दिवशी मीडियम बदला. चौथ्या-पाचव्या दिवशी मोठ्या, पसरलेल्या पेशी दिसतात आणि लवकरच मरूही लागतात. आठवड्याने बघणाऱ्याला मेलेल्या पेशींचे पोकळ गोल डाग दिसतात आणि तो ‘झालेच नाहीत’ म्हणतो. बुधवारी रँकल दिलंत तर चौथा दिवस रविवारी येतो, एवढं आधी बघा.

ट्रॅप हे ऑस्टिओक्लास्टमधलं एन्झाइम; ते ओळखणाऱ्या रंगाने जांभळी झालेली प्रत्येक पेशी मोजू नका. तीन किंवा जास्त केंद्रकं असलेलीच धरा. एका केंद्रकाच्या पेशीही रंग घेतात. आणि हाड खाल्लं जातं का, हे प्लास्टिकवर कळत नाही. त्यासाठी हाडाची किंवा डेंटिनची (दातातल्या कठीण पदार्थाची) चकती लागते. मीडियमचा पीएच 7.4 असेल तर पेशी फारसं खणत नाहीत, 7.0 च्या आसपास उतरला की कामाला लागतात.