'हाऊ आर यू'च्या पुढचं वाक्य

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात पहिल्या दिवशी येणाऱ्या बहुतेकांना 'हॅलो, हाऊ आर यू' येत असतं. नागपुरात सीताबर्डीच्या क्लासला येणारा बारावीचा पोरगा असो, इतवारीतले व्यापारी असोत की बुटीबोरीच्या कारखान्यातले सुपरवायझर, पहिलं वाक्य सगळे नीट म्हणतात. गाडी अडते ती समोरच्यानं उत्तर दिल्यावर. म्हणून अभिवादन शिकवताना फळ्यावर सुटी वाक्यं लिहून ती घोकून घेऊ नका. तीन-तीन वाक्यांचा एक तुकडा करा: मी, तू, पुन्हा मी. तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचल्याशिवाय सराव झाला असं समजू नका.

आपल्या मराठीत अभिवादनाचा हिशोब सोपा आहे. जे मिळालं तेच परत करायचं. राम रामला राम राम, जय भीमला जय भीम, नमस्काराला नमस्कार. इंग्रजीत 'हॅलो' आणि 'गुड मॉर्निंग' याच जातीचे आहेत, त्यामुळे ते चटकन जमतात. जुन्या वळणाचं 'हाऊ डू यू डू' सुद्धा याच जातीचं. दिसायला तो प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर 'हाऊ डू यू डू' हेच. आता ते फार औपचारिक प्रसंगीच कानावर पडतं, त्यामुळे ओळखता आलं तरी पुरे, बोलायला शिकवण्यात वेळ घालवू नका. 'हाऊ आर यू' मात्र वेगळं. त्याला छोटं उत्तर द्यायचं आणि लगेच प्रश्न परत करायचा: 'फाइन, थँक्स. हाऊ आर यू?' शिकणारा 'आय ॲम फाइन' म्हणून थांबला की संवाद तिथंच बसतो. दुसरं टोक म्हणजे खरोखरच तब्येत सांगायला लागणं. गुडघा, बीपी, रात्रीची झोप हे सगळं तिथं नको.

यात एक बारकावा बऱ्याच वर्गांत सुटतो, तो म्हणजे जोर. पहिल्यांदा विचारताना जोर 'आर'वर: हाऊ आर यू? परत विचारताना तो 'यू'वर सरकतो: हाऊ आर यू? कारण आता विषय माझ्याकडून तुझ्याकडे गेला. मराठीत हेच काम 'तू कसा आहेस' मधला 'तू' जरा दाबून म्हटल्यानं होतं, त्यामुळे समजावायला दोन मिनिटं पुरतात. टाळी वाजवून करून घ्या, ज्या शब्दावर जोर त्याच शब्दावर टाळी. शाळेपासूनची 'गुऽऽड मॉऽऽर्निंग टीऽऽचर' ही समूहगानाची चाल अंगात इतकी मुरलेली असते की प्रत्येक शब्दाला सारखंच वजन पडतं. टाळीनं ती चाल मोडते.

आता भाषांतराचे खड्डे. 'काय म्हणता?' याचं 'व्हॉट डू यू से' होत नाही. समोरचा म्हणेल, कशाबद्दल? 'जेवण झालं का?' विचारलं तर परक्या माणसाला ते आमंत्रण वाटू शकतं, आणि 'कुठे चालले?' ही उगाचची चौकशी वाटते. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी प्रश्न नसून नमस्कारच आहेत, हे विद्यार्थ्यांना आधी मराठीतच कळू द्या. मग 'हाऊ इज इट गोइंग' हा सुद्धा प्रश्न नसून नमस्कार आहे, हे वेगळं समजवावं लागत नाही.

वेळेचा घोळ छोटा आहे, पण नागपुरात हमखास होतो. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजताही ऊन इतकं असतं की मुलं 'गुड आफ्टरनून' म्हणून मोकळी होतात. बारापासून साधारण पाचपर्यंत 'आफ्टरनून', त्यानंतर 'इव्हनिंग'. बाहेर किती भाजतंय याच्याशी संबंध नाही.

स्वतःची ओळख हा खरा दलदलीचा भाग. 'मायसेल्फ पूजा' ही सवय इतकी पसरली आहे की ती चूक आहे यावर मुलांचा विश्वासच बसत नाही. 'मायसेल्फ' हा कर्ता होऊ शकत नाही. मराठीत 'स्वतःला पूजा' म्हटल्यावर जसं वाक्य लंगडतं तसंच हे. 'आय ॲम पूजा' किंवा 'माय नेम इज पूजा', बस. 'व्हॉट इज युअर गुड नेम' हा 'शुभनाम'चा उलथा आहे. नागपुरात तो सगळ्यांना कळतो, लंडनच्या माणसाला 'मग वाईट नाव कोणतं' असा प्रश्न पडतो. 'आय बिलाँग टू नागपूर'ऐवजी 'आय ॲम फ्रॉम नागपूर'. आणि 'आय पास्ड आउट इन २०२२' हे भारताबाहेर सांगितलं तर ऐकणारा समजतो की तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडला होता. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही चूक भारतभर होते, पण ती दुरुस्त करायला नागपूरकरांकडे एक घरचं हत्यार आहे: आपलं 'राहिलो'. 'जेवून राहिलो', 'येऊन राहिलो', 'काय करून राहिला बे' यातलं 'राहिलो' म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजीतलं 'आयएनजी'. तर कसोटी अशी: वाक्य नागपुरीत म्हणून बघायचं. 'मला दोन भाऊ असून राहिले' असं कोणी म्हणतं का? नाही ना. मग 'हॅविंग' नको, 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'मला माहीत असून राहिलं'? नाही. मग 'नोइंग' नको. 'सध्या एक कोर्स करून राहिलो' चालतं, म्हणून 'आय ॲम डूइंग अ कोर्स' बरोबर. कसोटी शंभर टक्के नाही, पण ओळख करून देण्यापुरत्या वाक्यांना पुरते. प्रमाण मराठीचा आग्रह धरून 'राहिलो'ला हसणाऱ्या शिक्षकांनी हे फुकटचं साधन हातचं घालवू नये.

नावाचा क्रम तर वेगळाच विषय. शाळेच्या हजेरीवर आडनाव आधी असतं, म्हणून मुलं 'वानखेडे पूजा दिलीप' अशीच ओळख देतात. इंग्रजी ऐकणारा शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि पूजाची 'मिस दिलीप' होते, म्हणजे वडिलांच्या नावानं हाक. ओळख देताना नाव मग आडनाव, मधलं नाव फक्त फॉर्मवर. तसंच 'मिस्टर' आडनावाला लागतं, नावाला नाही.

नावाचा उच्चार समोरच्याला शिकवता येणं हेही अभ्यासक्रमातच घ्या. 'ठाकरे' इंग्रजीत लिहिलं की 'टी-एच' दिसतं आणि वाचणारा 'थिंक'मधला 'थ' काढतो. 'झाडे' अनेक जण 'झेड-ए-डी-ई' लिहितात, ते परदेशात 'झेड' किंवा 'झेइड' होऊन परत येतं. प्रत्येकानं आपल्या नावासाठी एक वाक्य पाठ करावं: 'इट्स ठाकरे, विथ अ टी, ॲज इन टॉल.' 'ठ' तंतोतंत निघत नाही, पण 'थ'पेक्षा जवळ. गजभियेंसारखं नाव असेल तर तीन तुकडे करून सावकाश सांगावं, गज-भि-ये. समोरच्यानं नाव चुकवलं तर दोनदा दुरुस्त करावं, तिसऱ्यांदा सोडून द्यावं.

तिसऱ्या माणसाची ओळख करून देताना 'ही इज अवर सर' ऐकू येतं. 'हे आमचे साहेब' याची सरळ उचल. ओळख करून देताना 'धिस इज' वापरायचं: 'धिस इज मिस्टर मेश्राम, अवर प्लांट हेड.' क्रम असा की ज्याला मान द्यायचा त्याला आधी हाक मारायची आणि दुसऱ्याला त्याच्यापुढे ठेवायचं. ग्राहक आला असेल तर तो आपल्या साहेबांच्याही वर. नुसतं नाव आणि पद सांगून गप्प बसू नये, एक धागा द्यावा: 'ही लुक्स आफ्टर एक्सपोर्ट्स.' त्या धाग्याला धरूनच समोरच्याला पुढचं वाक्य सुचतं.

हस्तांदोलन दोन-तीन सेकंद, पंजा पूर्ण, नजर समोर. समोरच्यानं हात पुढे केला नाही तर नमस्कार पूर्णपणे चालतो, त्यात कमीपणा नाही.

आता कार्ड. आपण त्याला 'व्हिजिटिंग कार्ड' म्हणतो, बाहेर 'बिझनेस कार्ड' म्हणतात. दोन्ही शब्द कळायला हवेत. वर्गासाठी छापील कार्डं लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम, कागद जाड असतो आणि प्रत्येक घरात गठ्ठा पडलेला असतो. नाहीतर कार्डशीट आणा. ए-४ आकाराच्या एका शीटमधून ८५ बाय ५५ मिलिमीटरची १० कार्डं निघतात, आडवी दोन, उभी पाच. हा युरोपातला नेहमीचा आकार. आपल्याकडे साडेतीन बाय दोन इंच जास्त चालतो, तोही एका शीटमध्ये १० बसतो. २४ जणांच्या वर्गात प्रत्येकी सहा कार्डं म्हणजे १४४, म्हणजे १५ शीट. कार्डावर नाव, पद, कंपनी, फोन, ईमेल, एवढंच. पद आणि कंपनी काल्पनिक घेऊ द्या, पण नाव खरंच हवं, कारण सराव नावाचाच आहे. फोन नंबर मात्र खोटा लिहायला सांगा, मुलींची कार्डं कुणाकुणाच्या खिशात जातात ते आपल्या हातात नसतं.

कार्ड देताना अक्षरं समोरच्याला सुलटी दिसली पाहिजेत आणि अंगठा नावावर नको. उजव्या हातानं किंवा दोन्ही हातांनी. डाव्या हातानं काही देऊ नये हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं, आखाती देशांतही तेच पाळतात. सोबत 'हिअर इज माय कार्ड', इतकंच. घेणाऱ्याचं काम जास्त आहे आणि तिथंच सगळे घसरतात. कार्ड हातात येताच खिशात जातं. खरं तर दोन-तीन सेकंद ते वाचायचं, 'थँक यू' म्हणायचं, आणि मग कार्डावरून एक प्रश्न: 'डू आय से धिस राइट, गज-भि-ये?' किंवा 'इज धिस युअर डायरेक्ट नंबर?' कार्ड हे पुढचं वाक्य सुचवणारं कागदाचं चिठोरं आहे, आणि तेच न वाचता ठेवून दिलं तर दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहतात.

जपानी पाहुण्यांशी काम पडणार असेल तर हा भाग लांबवा. तिथं कार्डाला 'मेइशी' म्हणतात. दोन्ही हातांनी, किंचित वाकून, कनिष्ठानं आधी, आणि आपलं कार्ड समोरच्याच्या कार्डापेक्षा जरा खाली धरून द्यायचं. मिळालेलं कार्ड बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं, माणसं ज्या क्रमानं बसली त्याच क्रमानं. त्यावर पेनानं काही लिहायचं नाही, आणि पँटच्या मागच्या खिशात तर अजिबात नाही, कारण मग त्या नावावर बसणं आलं. अमेरिकेत यातलं काहीच नाही, एका हातानं, बोलता बोलता, बहुधा निघतानाच देतात. तिथं वाकून दोन्ही हातांनी दिलं तरी कोणी रागावणार नाही.

नंबर आणि ईमेल सांगण्याचा सराव कार्डाबरोबरच उरकून घ्या. 'ॲट द रेट' हे फक्त आपल्याकडे. बाहेर नुसतं 'ॲट'. 'डबल फाइव्ह' इंग्रजांना कळतं, अमेरिकन लोक गोंधळतात, त्यांना 'फाइव्ह फाइव्ह' सांगावं. आपण दहा आकडे पाच-पाच करून सांगतो, त्यापेक्षा तीन-तीन-चार केले आणि मध्ये थांबलो तर परक्या कानाला सोपं जातं. फोनवर 'बी', 'डी', 'पी', 'व्ही' सारखेच ऐकू येतात, म्हणून 'डी फॉर डेल्टा' लागतं. अशा ए ते झेडच्या शब्दांची पूर्ण यादी पाठ करायला लावू नका, प्रत्येकाला आपल्या नावातल्या अक्षरांपुरती पुरे.

सरावासाठी दोन रांगा समोरासमोर, बारा आणि बारा. फोनवर ९० सेकंदांचा गजर. तेवढ्यात अभिवादन, ओळख, कार्ड, एक प्रश्न. गजर वाजला की एकच रांग एक जागा सरकते, दुसरी हलत नाही. दोन्ही रांगा सरकल्या की गोंधळ. सहा फेऱ्या सरकण्यासकट बारा मिनिटांत होतात. तिसऱ्या फेरीपर्यंत मराठी शिरते, हे धरूनच चाला. ओरडण्यापेक्षा पहिल्या दोन फेऱ्यांत वाक्यं फळ्यावर ठेवा, तिसरीत अर्धी पुसा, पाचवीत सगळी. हुशार मुलगा जोडीदाराची वाक्यंही स्वतःच म्हणून टाकतो. त्याला कार्ड घेणाऱ्याचं काम द्या, देणाऱ्याचं नको. शेवटी सगळे बसल्यावर कार्ड उलटं ठेवून, न बघता, एका जोडीदाराची वर्गाला ओळख करून द्यायला सांगा. नाव आठवलं नाही म्हणजे कार्ड वाचलंच नव्हतं.

निरोपाला पाच मिनिटं राखून ठेवा. आपण जाताना 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ. ते इंग्रजीत 'ओके, आय कम' होऊन बाहेर पडतं आणि ऐकणारा वाट बघत राहतो, हा येतोय कुठे? 'आय मस्ट गो नाउ' किंवा 'सी यू' म्हणायचं. भेटताना 'नाइस टू मीट यू', निघताना 'नाइस मीटिंग यू'. आणि त्याच माणसाला दुसऱ्यांदा भेटलात तर 'मीट' नाही, 'नाइस टू सी यू', नाहीतर त्याला वाटेल की पहिली भेट तुम्ही विसरलात. 'गुड नाइट' फक्त निघताना. संध्याकाळी सातच्या बॅचला वर्गात शिरताच 'गुड नाइट सर' ऐकू आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवून 'गुड इव्हनिंग' म्हणत आत यायला लावा.