पाव मापाचा कब: खालचं दार अखेर लागलं

मागच्या नोंदीत माझ्या कब विमानाच्या मॉडेलच्या केबिनची चौकट पुरी करून थांबले होते. तेव्हा लिहिलं होतं की दारं एका शनिवारात उरकतील. त्याला आता बरेच शनिवार लागले. खालचं दार काल नीट लागलं. मधल्या काळातल्या चुका इथे सविस्तर लिहिते आहे, कारण दाराच्या बिजागऱ्यांवर कोणी फारसं लिहीत नाही. लिहिणारे रडर आणि एलेव्हेटरच्या, म्हणजे शेपटीच्या हलत्या भागांच्या, बिजागऱ्यांवर लिहितात. त्याच पद्धती दाराला चालतील असं मी धरून चालले, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

ज्यांनी हा कब आधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पायपर जे-३ कब, पाव माप (मूळ विमानाच्या एक चतुर्थांश), पंखांचा विस्तार साधारण २.६८ मीटर. मूळ विमानाचं दार उजव्या बाजूला असतं आणि ते आडवं दुभागलेलं असतं. वरचा भाग म्हणजे खिडकी. ती वर उचलून पंखाच्या खालच्या बाजूला अडकवतात. खालचा भाग बाहेर पडून फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) अंगाला लटकतो. दार उघडं ठेवून उडणं ही कबची ओळखच आहे. वेग कमी होऊन विमान स्टॉलच्या (पंखांची उचल संपण्याच्या) जवळ आलं की लटकलेलं खालचं दार आपोआप वर तरंगायला लागतं, असं कब उडवणारे सांगतात. मला हे दार खोटं, नुसतं रेघ मारून दाखवलेलं नको होतं. ते उघडायला हवं, १८० अंश खाली पडायला हवं, आणि बंद असताना बाजूने पाहिलं तर फट केसासारखी दिसायला हवी.

पहिल्या प्रयत्नात मी नायलॉनच्या गोल दांड्यांच्या, मध्ये पिन असलेल्या बिजागऱ्या घेतल्या. एलेरॉनला (पंखाच्या मागच्या हलत्या भागाला) बसवतो त्याच. दोन्हीकडे भोक पाडायचं, एपॉक्सी भरायचं, दांडी सरकवायची. दाराची चौकट ४ मिमी जाड आहे. भोकं जाडीच्या बरोबर मध्यात पाडली, म्हणजे आस (ज्या रेषेभोवती दार फिरतं ती) बाहेरच्या पृष्ठभागापासून २ मिमी आत गेला. दार आणि चौकट यांच्यातली फट ०.८ मिमी. दिसायला अप्रतिम, बाहेरून बिजागरीचा मागमूस नाही. उघडायला गेले तर दार वीस-बावीस अंशांवर अडलं.

कागदावर आकृती काढल्यावर कारण लगेच कळलं. आस पृष्ठभागाच्या आत असेल तर दार बाहेर उघडताना दोन्ही कडांचे बाहेरचे कोपरे एकमेकांकडे येतात आणि भिडतात. ते भिडेपर्यंत मिळणारा कोन फटीवर आणि आसाच्या खोलीवर ठरतो. अर्धी फट ०.४, खोली २, म्हणजे एका बाजूला सुमारे ११ अंश, दोन्ही मिळून २२. एलेव्हेटरला हीच बिजागरी चालते कारण तिथे आपण पुढची कड तासून इंग्रजी व्हीसारखी करतो, फिरायला जागा मिळते. दाराची कड तशी तासली तर बंद दाराभोवती बोटभर खंदक दिसेल. फट वाढवूनही भागत नाही. ९० अंश मिळवायला त्याच खोलीवर ४ मिमी फट लागेल आणि १८० अंश तर कधीच मिळणार नाहीत.

त्या संध्याकाळी वहीत एकच वाक्य लिहिलं: बिजागरी निवडायच्या आधी आस कुठे असणार ते ठरव. बाकी सगळं त्यातून निघतं.

दार पूर्ण उलटून अंगाला टेकायचं असेल तर आस पृष्ठभागावर किंवा त्याच्या बाहेर हवा. बाहेर किती, याचं गणित सोपं आहे. आस पृष्ठभागाच्या जेवढा बाहेर, त्याच्या दुप्पट अंतर पूर्ण उघडलेलं दार आणि फ्यूजलाज यांच्यात राहतं. माझ्या दारावर कापडाच्या पट्ट्या आणि खिटी मिळून १.२ मिमी वर येतात. म्हणजे आस कमीत कमी ०.६ मिमी बाहेर हवा, नाहीतर दार पडताना खिटी रंगावर ओरखडे काढणार. हा आकडा हाताशी आल्यावर बाजारातल्या निम्म्या बिजागऱ्या आपोआप यादीतून गेल्या.

दुसऱ्यांदा तयार पितळी बिजागऱ्या वापरल्या, छोट्या लाकडी पेट्यांना लावतात तशा. प्रत्येकीला दोन पानं (चपट्या पट्ट्या) आणि स्वतःची पिन. तीन लावल्या. आस साधारण १ मिमी बाहेर, त्यामुळे उघडण्याची अडचण नव्हती. पण दार निम्म्यावर जाऊन स्प्रिंगसारखं परत यायचं. मधल्या बिजागरीचे स्क्रू सैल केले की मोकळं. घट्ट केले की पुन्हा तेच. दोन बिजागऱ्या स्वतःच एक रेषा ठरवतात, तिसरीला बरोबर त्याच रेषेवर यावं लागतं. माझी मधली अर्धा मिमी बाहेर होती. अर्धा मिमी डोळ्याला दिसत नाही, पण दाराला कळतो. शिवाय पानं अर्धा मिमी जाड असल्याने खाच खोल करावी लागली, आणि ३ मिमीच्या पट्टीत स्क्रू धरण्यापुरतं लाकूडच उरलं नाही. दोनच लावल्या असत्या तर दार फिरलं असतं, पण ही चौकट हलकी आहे, मध्ये आधार नसेल तर कड बाहेर फुगते.

यावर उपाय एकच दिसला: सगळ्या बिजागऱ्यांतून जाणारी एकच लांब पिन. रेषा आपण आखायची नाही, तारेलाच आखू द्यायची. पियानोच्या झाकणाला असते तशी अखंड पट्टी त्याचाच प्रकार. पण माझ्याकडच्या तयार पट्टीची नळी या मापाला फार जाड दिसत होती. दाराच्या कडेला उसाचं कांडं चिकटवल्यासारखी. म्हणून घरी करायचं ठरवलं.

आधी पितळेचा ०.२ मिमी पत्रा तारेभोवती वळवून पाहिला. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ होतो आणि सहज वळतो. वळला छान, पण वळलेल्या तोंडाशी नळी किंचित उघडी राहते आणि पिन हलते. एका दाराला चालेल, पण मला पंधरा तुकडे एकसारखे हवे होते. ते पत्रे बाजूला ठेवले, इंजिनच्या झाकणाला उपयोगी पडतील.

शेवटी नळीवर आले. बाहेरून १.६ मिमीची पितळी नळी, भिंत ०.३६ मिमी, आतला व्यास जवळपास ०.८८. तिच्यात ०.८ मिमीची म्युझिक वायर (कडक पोलादी तार) हलक्या हाताने सरकते आणि खडखडत नाही. याहून चांगली जोडी या मापात मला सापडलेली नाही. पोलाद आणि पितळ एकमेकांवर घासून लवकर झिजत नाहीत, त्यामुळे दार वर्षानुवर्षं उघडझाप करायलाही हरकत नाही.

नळीचे ६ मिमीचे तुकडे केले. मी त्यांना पेरं म्हणते, बोटाच्या पेरांसारखी ती आलटून पालटून बसतात. पाच पेरांचा एक गट, असे तीन गट, एकूण पंधरा पेरं. नळी करवतीने कापू नका, तोंड दबतं. सपाट फळीवर नळी ठेवून वर धारदार पातं टेकवायचं आणि हलका दाब देत पुढेमागे लोळवायचं. चर पडत जातो आणि तुकडा स्वच्छ मोडून येतो. मग तोंड बारीक कानशीने सपाट करायचं आणि आतली बुरी (कापताना उरलेली धातूची बारीक कड) सुईने काढायची. बुरी राहिली तर पिन अडते आणि आपण डाखावर (सोल्डरवर) संशय घेत बसतो. माझा अर्धा तास त्यात गेला.

पानं ०.२५ मिमी पितळेची, ६ मिमी रुंद. नळी पानाच्या कडेला नुसती टेकवून, तळाशी समतल अशी, डाखायचा माझा बेत होता. मग पुन्हा हिशेब केला. पान खाचेत बसून पृष्ठभागाशी सपाट होणार, म्हणजे आस फक्त ०.५५ मिमी बाहेर येणार. दुप्पट १.१. खिटीला लागतात १.२. एक दशांश मिमीने सगळं मुसळ केरात गेलं असतं. म्हणून नळी पानाच्या कडेच्या वर ठेवून डाखली. आता आस ०.८ मिमी बाहेर, उघड्या दाराचं अंतर १.६, खिटीच्या वर ०.४ मिमी मोकळी जागा. डाख नळीच्या एकाच बाजूने भरतो, पण एवढ्या हलक्या दाराला तो सांधा पुरतो.

डाख देणं हा या कामाचा सगळ्यात नाजूक भाग. पहिला गट मी वाया घालवला. पाचही पेरं तारेवर ओवून, दोन्ही पानं टेकवून, एकदमच डाखाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) लावली. डाख पातळ झाला की फटीत ओढला जातो आणि पेरांमधली फट म्हणजे त्याला आमंत्रणच. पाचही पेरं, तार आणि दोन्ही पानं मिळून एक सळई तयार झाली.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला. तारेला आधी पेन्सिलीचं शिसं घासून काळं केलं आणि वर तेलाचा पुसटसा हात फिरवला. पेरांच्या तोंडांना चुका झाकायचं पांढरं करेक्शन फ्लुइड लावून वाळवलं. डाख त्यावर धरत नाही. मग पाचही पेरं ओवून त्यांच्यात पातळ कागदाचे तुकडे घातले. पहिली, तिसरी, पाचवी आधी फ्यूजलाजच्या पानाला डाखली, दुसरी आणि चौथी नुसती जागा धरून होती. गार झाल्यावर दुसरं पान लावून दुसरी आणि चौथी डाखली. पानाच्या कडेला डाखाचा पातळ लेप आधीच दिलेला असला की इस्त्री दोन सेकंद टेकवणं पुरतं. जास्त वेळ धरली तर शेजारचा सांधा सुटतो. सगळं अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवून केलं, कारण साधा डाख अॅल्युमिनियमला चिकटत नाही. शेवटी कागद ओढून काढला, करेक्शन फ्लुइड नखाने खरवडलं, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेला लेप) गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुतला. फ्लक्स राहिला तर काही दिवसांत हिरवट डाग येतो आणि वरचा रंग उचलतो.

बसवताना दार आधी मापाला कापलं नव्हतं. चारही बाजूंनी अर्धा मिमी मोठंच ठेवलं होतं. पानांना ०.८ मिमीची भोकं पाडली, एपॉक्सी त्यातून वर येतं आणि वाळल्यावर पान लाकडात रिव्हेटसारखं धरतं. पेरांना व्हॅसलिन लावलं, पानाच्या अंगाला मात्र नाही. तिन्ही गट एकाच लांब तारेवर ओवलेले असतानाच चिकटवले, त्यामुळे ते एका रेषेत बसण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. एपॉक्सी अर्धा तासवालं घेतलं. पाच मिनिटांचं घेतलं असतं तर तिसऱ्या गटापर्यंत पोहोचायच्या आत पहिला गट ताठ झाला असता. दुसऱ्या दिवशी दार बंद करून चहूकडे पॉलिश पेपर ओढत फट सारखी केली. रंगाआधी ०.६ मिमी ठेवली आहे. कापड कडेवरून वळतं आणि रंगाचे थर चढतात, तेव्हा ती निम्मी होते. मागच्या मॉडेलवर मी हे विसरले होते आणि रंगवल्यावर दार चौकटीत रुतून बसलं होतं.

पिनेचं पुढचं टोक २ मिमी काटकोनात वाकवलं आहे, म्हणजे ती कंपनाने सरकणार नाही आणि रंगाच्या वेळी दार काढता येईल. पूर्वी एका मॉडेलच्या झाकणाची सरळ पिन उडताना बाहेर सरकली आणि झाकण शेतात शोधावं लागलं. तेव्हापासून वाकवलेलं टोक हा माझा नियम आहे. बंद दार धरायला ३ मिमी व्यासाचं, १ मिमी जाडीचं निओडिमियम चुंबक वरच्या कडेला बसवलं. आधी खालच्या कोपऱ्यात लावून पाहिलं होतं, तर ते समोरच्या चकतीऐवजी पोलादी पिनेकडेच ओढ घ्यायचं.

ज्यांची विमानं गोल पोटाची आहेत त्यांनी मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. एकच पिन म्हणजे एकच सरळ रेषा. कबच्या दाराशी बाजू सपाट आहे म्हणून मला जमलं. ४०० मिमी त्रिज्येच्या वक्र अंगावर १०० मिमी लांबीची रेषा धरली तर मध्यभागी ३ मिमीहून जास्त फुगवटा येतो. तिथे एक तर टोकाच्या बिजागऱ्या ठोकळ्यांवर उचलाव्या लागतात, किंवा दोनच आखूड बिजागऱ्या जवळ जवळ बसवाव्या लागतात, नाहीतर हंसाच्या मानेसारखे वाकलेले हात करावे लागतात. मोटारीच्या डिकीला असतात तसे. आस आत राहतो, पण वाकलेला हात चौकटीच्या कडेला वळसा घालून दाराला आधी बाहेर नेतो आणि मग फिरवतो. माझं पुढचं विमान गोल पोटाचं असेल, तेव्हा हे हात करून पाहणारच आहे.

काल रात्री शेवटची परीक्षा घेतली. चुंबक काढून ठेवलं, फ्यूजलाज सरळ उभं केलं, दार बंद करून बोट सोडलं. दार स्वतःच्या वजनाने खाली गेलं आणि अंगाला न घासता थांबलं. पिन काढली, पुन्हा पंधराही पेरांतून पुढून मागे सरकवली. कुठेही ढकलावं लागलं नाही.

आता वरचं दार. त्याची चौकट फक्त खिडकीभोवतीची आहे, तिथे तीनऐवजी दोनच गट ठेवेन आणि आस पंखाच्या खालच्या पृष्ठभागापासून किती खाली हवा ते आधी मोजेन. काच सीएने (सुपरग्लूने) चिकटवणार नाही, त्याच्या वाफेने प्लॅस्टिक धुरकट होतं. कॅनोपी ग्लू आणून ठेवला आहे. पंखाखालच्या स्प्रिंग क्लिपसाठी उरलेली ०.८ची तार पुरेल असं वाटतं. तीही वाकवून पाहिली आहे, अजून मनासारखी आलेली नाही.