फाउंटनची पुस्तकं आणि सोळाचा हिशेब

आज मुंबईत फ्लोरा फाउंटनला पाऊस उघडला तसं निळं प्लास्टिक बाजूला झालं आणि पुस्तकांचे ढीग दिसले. पावसाळ्यात फुटपाथवर भाव करण्याआधी पुस्तक तपासायचं.

आधी वास. कुबट आला, तर शिवणीजवळ बुरशी असू शकते. मग फॉर्मे, म्हणजे घडी घालून एकत्र बांधलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईच्या पुष्कळ जुन्या मराठी पुस्तकांत १, १७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी बारीक फॉर्मा क्रमांक असतो. तेवढीच पानं उलटा. बाइंडरकडून एखादा फॉर्मा गळतो, नाहीतर दोनदा लागतो, आणि ते नेमकं शेवटच्या प्रकरणात कळतं! नुसती पाठ डिंकवलेलं पुस्तक मात्र सपाट उघडून बघू नका. वाळलेला डिंक तडकतो आणि पानं हातात येतात. शिवलेलं असेल तर चार पैसे जास्त द्यावेत, माझं तरी हेच मत.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये, पुठ्ठा वाकतो. दर वीसेक पानांमागे टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा, कागद बदलत राहा. चित्रांची गुळगुळीत पानं ओली असतानाच सुटी करा, वाळली की कायमची चिकटतात.

कसर (पुस्तकं खाणारी कीड) दिसली तर कोरडं पुस्तक हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये. (घरच्यांना आधी सांगून!) बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दव धरतं.