सात टक्के

गाडी घरी आली तेव्हा हँडलला झेंडूचा हार होता, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल टायरच्या खाचेत अडकली होती आणि मीटरवर सात-आठ किलोमीटर पडले होते. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या बोळात एवढी लांब गाडी वळवायची म्हणजे दोन-तीनदा मागेपुढे करावं लागतं. तेवढ्यात चार माणसं जमतात. एकाने किंमत विचारली, दुसऱ्याने अ‍ॅव्हरेज. तिसरा माझा भाचा. तो गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या बाजूला थांबला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, सायलेन्सर कवा बदलायचा?"

हार अजून ओलाच होता.

रॉयल एनफिल्डची मिटिऑर 350 घेतली. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणसं प्लॉट घेतात, गुडघ्याचा एक्स-रे काढतात. मी क्रूझर घेतली. 349 सीसी, 20 हॉर्सपॉवर, 4000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, 27 न्यूटन-मीटर टॉर्क, वजन 191 किलो. शोरूममध्ये पाय पुढे टाकून बसलो तेव्हा हे सगळे आकडे भरपूर वाटले होते. भाचा वाकला आणि ते कमी पडायला लागले.

खरं तर मला हे व्हायला नको होतं. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये बावीस वर्षं मी बोअरिंग-होनिंगवर आहे, म्हणजे सिलिंडरचं भोक, बोअर, मापात कापायचं आणि आतून दगडाने घासायचं. दिवसभर माझ्या हाताखालून सिलिंडर जातात. होनिंगचे दगड बोअरमध्ये गोल फिरता फिरता खालीवरही होतात, म्हणून ओरखडे तिरके पडतात आणि एकमेकांना छेदतात. बॅटरी मारून आत बघा, चटईची वीण दिसते. आम्ही तिला क्रॉस हॅच म्हणतो. तेल धरून ठेवायचं काम त्या विणीचं. नव्या गाडीच्या पहिल्या पाचशे किलोमीटरात पिस्टनच्या रिंगा या विणीची टोकं घासून आपापली बैठक करून घेतात, म्हणून तेवढे दिवस गाडी पिळायची नसते. नवीन पोरगा कामाला लागला की हे मीच त्याला बोअर गेज हातात देऊन सांगतो. आणि मीच, मीटरवर तीनशेसुद्धा झालेले नसताना, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बिग बोअर किट, म्हणजे मोठ्या सिलिंडर-पिस्टनचा संच, बघत बसलेलो. शेजारच्या मशीनवरच्या कानडी फिटरने मान वाकडी करून स्क्रीन पाहिली. "गाडी छलो ऐतिरी," तो म्हणाला, "सुम्म बिडरी." गाडी चांगली आहे, उगी राहू द्या. त्याच्याकडे तीस वर्षांची बजाज एम-80 आहे, तेव्हा त्याचं मत मी धरलं नाही.

या वेडाला हार्लेवाल्यांनी पायऱ्याच बांधून दिल्यात. स्टेज वन म्हणजे मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर, मोकळा सोडणारा सायलेन्सर आणि त्याला जुळवून ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग. स्टेज टूला व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलतात. स्टेज थ्रीला सिलिंडर-पिस्टनच मोठे. त्याच्यावर हेड आणि थ्रॉटल बॉडीची चौथी पायरी. बऱ्याच हार्लेंचं मूळ इंजिनच 1700 सीसीच्या वर, तरी पुरत नाही लोकांना. पहिली पायरी चढलेल्याची नजर दुसरीवर जातेच. सौंदत्तीच्या डोंगरावर निदान वर यल्लम्मा तरी बसलेली आहे.

आपल्याकडे स्टेज वनवरच बहुतेकांचा पैसा संपतो. तीही अर्धीच करतात. सायलेन्सर बदलतात आणि मॅपिंगचा खर्च वाचवतात. इंजिनला पेट्रोल पाजणं सोपं असतं, अवघड असतं ते हवा पोचवणं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. मागची-पुढची वाट मोकळी केली की हवा जास्त येते, पण पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा ईसीयू जुन्याच हिशेबाने चालतो. ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण रेस दिली की त्याचंही चालत नाही. इंजिन उपाशी पळतं, तापतं. रेस सोडली की मागून फट्-फट् फटाके वाजतात. पोरांना ती ताकद वाटते. मला तो उपाशीपोटीचा ढेकर वाटतो.

दुसरी गोष्ट या इंजिनापुरती. त्याचा बोअर 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक 85.8. रुंदीला कमी, उंचीला जास्त. असलं इंजिन खालच्या आरपीएमला जोर लावून ओढतं, वर फिरवून पळवायला ते केलेलंच नाही. मोकळ्या सायलेन्सरचा जो काही फायदा होतो तो बहुतेक वरच्या आरपीएमला. मी तिथे कधी जाणार? सकाळी साडेआठला तिसऱ्या रेल्वे गेटवर?

हे सगळं मला कळत होतं आणि तरी एका शनिवारी मी दुकानात गेलो. कुठलं ते सांगत नाही, बेळगावात कुणालाही विचारा, लांबूनच ऐकू येतं. दुकानदार तिशीतला, गोड बोलणारा. त्याने आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीला रेस देऊन दाखवली. छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हललं, खोटं कशाला बोलू. "दोन हॉर्सपॉवर ग्यारंटी, सावकार. फिल्टर, पाईप, मॅपिंग, सगळं धरून तीसच्या आत बसवतो."

"डायनोवर दाखवशील?" ताकद मोजायच्या मशीनचं मी विचारलं.

"डायनो कशाला पायजे? कानाला कळतंय की."

कानाला! मी हसलो, पण आतून गारही झालो, कारण माझ्या कानाला कळलं होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं विचारलं. 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 नियम आला, त्या गाड्यांत धूर निवळणारा तो डबा एक्झॉस्टमध्ये असतोच. "ते काढूनच टाकायचं," म्हणाला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या गाडीत फेरफार करू देत नाही. आवाज-धुराचं कलम 190 (2) वेगळं, त्यात दहा हजारापर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय वॉरंटीचा प्रश्न. मी एवढं बोलेपर्यंत त्याने चहा मागवला होता. "विचार करून सांगा, घाई न्हाई," म्हणाला. विकणाऱ्याने घाई नाही म्हटलं की आपल्याला होते.

रात्री माळ्यावर काहीतरी शोधताना आप्पांच्या येझदीचा बॅफल हाताला लागला. सायलेन्सरच्या आत बसणारी, एक वितीहून लांब नळी, भोकं पाडलेली, गंज चढलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली ती गाडी. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण आमच्याकडे गाडी त्यानंतरही कैक वर्षं होती. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं, त्यामुळे बॅफलवर काजळीचा डांबरासारखा थर चढायचा. दर दोन-तीन महिन्यांनी आप्पा रविवारी दोन्ही बॅफल उपसून परसात शेणी पेटवून त्यात टाकायचे. काळा धूर, जळक्या ऑइलचा वास, आजीची बडबड. लाल झाले की चिमट्याने काढून दगडावर आपटायचे, काजळीचे पापुद्रे खवल्यांसारखे गळायचे. मग तारेचा ब्रश. मला तो ब्रश मारायला मिळायचा.

एकदा काकाने बॅफल घातलेच नाहीत. दोन्ही नळकांडी रिकामी ठेवून गाडी बाहेर काढली. आवाज अनगोळपर्यंत गेला असेल. पण मागे आप्पा बसल्यावर चढाला गाडी ओढेना. तेव्हा कारण माहीत नव्हतं, पुढे कामावर शिकलो. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरकडून उलट येणारी दाबाची लाट निसटून चाललेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. लाट बिघडवली की इंजिनाच्या तोंडचा घास बाहेर. आप्पांना लाटबीट काही ठाऊक नव्हती. उतरून चालत चढ चढले आणि वर आल्यावर काकाला म्हणाले, "आवाज गेला म्होरं, गाडी ऱ्हायली मागं."

सोमवारी जॉब कार्डाच्या पाठीवर मी एक हिशेब मांडला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच, अडीच हजार फूट. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा सातएक टक्के विरळ असते. इंजिन प्रत्येक घोटाला जागा तेवढीच भरतं, पण त्या जागेत हवाच कमी. कंपनीच्या कागदावरचे 20 हॉर्सपॉवर खालच्या दाट हवेच्या हिशेबाचे. म्हणजे गाडी बेळगावात आली तेव्हाच दीडेक हॉर्सपॉवर आपल्या विरळ हवेने कापून घेतले होते. तेवढ्यासाठीच मी तीस हजार मोजायला निघालो होतो. नुसता घाट उतरलो तर?

स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचाही हिशेब करून पाहिला. पुढच्या चक्राला चौदा-पंधरा दात धरले आणि एक कमी केला, तर ओढ सात टक्क्यांच्या आसपास वाढते. पण त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं, आणि निवांत चालवायला घेतलेली गाडी धापा टाकायला लागते. तिथेही सातच. हा आकडा माझ्या मागेच लागला होता.

पहिली सर्व्हिसिंग झाली आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. बायकोला सांगितलं, गोव्याला मासे खाऊ. खरं कारण सांगितलं असतं तर ती आली नसती. जांबोटी गेलं, कणकुंबी आली, जिथे मलप्रभा उगवते. तिथे धुकं इतकं की हेल्मेटची काच वर करून चालवावं लागलं. चोर्ल्याच्या वळणांवर उतरताना हवा हळूहळू जड, दमट होत गेली. जॅकेट काढलं. केरी गेलं. साखळीच्या पुढे सरळ रिकामा रस्ता मिळाला, तेव्हा मी चौथ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळली. पूर्ण सात टक्के, एक रुपयाही न देता.

मी कान लावून होतो, बूड लावून होतो. मांडीला, मनगटाला काही जाणवतंय का बघत होतो.

काही कळलं नाही.

परत एकदा पिळली. पाठीत बोट टोचलं. "अहो, मासे काय पळून चाललेत का?"

जेवताना मी तिला सगळा हिशेब सांगितला. तिने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवत ऐकून घेतलं. "म्हणजे वाढलेलं तुम्हाला कळलंच नाही?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. "मग न वाढलेलं तरी कसं कळणार?" आणि सोलकढी प्यायली. या प्रश्नात कुठेतरी चूक आहे असं मला अजून वाटतं, पण सापडलेली नाही.

परतताना चोर्ल्याच्या चढाने ते सात टक्के वळणावळणाला हप्त्याने वसूल केले. तेही कळलं नाही. कणकुंबीला थंडी वाजायला लागली, तेव्हा पोचलो म्हणायचं.

बोळात शिरलो तेव्हा साडेपाच झाले होते. पोरं क्रिकेट खेळत होती, ती बाजूला झाली नाहीत. हॉर्न द्यावा लागला. समोरचे काका पेपरमधून वर बघितले नाहीत. आई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या अगदी पुढ्यात गाडी स्टँडला लावली तेव्हा तिने मान वर केली. "कवा आलास रे? ऐकूच आलं न्हाई."

आप्पांची येझदी चढाच्या तळाशी असतानाच तिला ऐकू यायची आणि ती चहाचं आधण ठेवायची.

मंगळवारी दुकानदाराचा फोन आला. "सावकार, पाईप आलाय. ठिवू काय तुमच्यासाठी?"

"ठेव," मी म्हटलं. "आठ दिवस ठेव."