सर्व्हिस चार्ज काढायचा, टिप द्यायची: नागपुरातला माझा अनुभव

बिलाचं फोल्डर टेबलावर आलं की मी आधी बिल वाचतो, पाकीट नंतर. परमिट रूममध्ये पुष्कळदा कागद दोन येतात, जेवणाचा वेगळा आणि दारूचा वेगळा. जेवणावर जीएसटी असतो, तर दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर 5 टक्के, म्हणजे अडीच केंद्राचे न्‌ अडीच राज्याचे. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं 7,500 च्या वर असतं तिथं जेवणावर 18 टक्के लागतात, त्यावर भांडायला जाऊ नये. हे आकडे पाठ असले की बिलातली वेगळी टक्केवारी लगेच डोळ्यांत खुपते.

ती वेगळी टक्केवारी म्हणजे सर्व्हिस चार्ज, बहुतेक 5 ते 10 टक्के. कुठं नुसतं 'एस.सी.' छापतात, तेही 'एस.जी.एस.टी.'च्या, म्हणजे राज्याच्या जीएसटीच्या, वरच्याच ओळीत, म्हणजे घाईत बघणाऱ्याला करच वाटावा. कुठं 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' असतं. यातला एक रुपयाही सरकारला कर म्हणून जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला स्पष्ट केलं की तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही आणि नाही दिला म्हणून कुणाला अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 ला या सूचना कायम ठेवल्या.

हा चार्ज पैसे देण्याआधीच काढून घ्यायचा. एकदा कार्ड घासलं किंवा स्कॅन केलं की बिल सॉफ्टवेअरमध्ये 'सेटल' होतं, मग ते उघडायला मॅनेजर लागतो आणि मॅनेजर नेमका तेव्हाच सापडत नाही. वेटरशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याच्या हातात काहीच नाही. मी कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, बोलावतो आणि एवढंच म्हणतो, "भाऊ, सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या, टिप मी हातात देतो." शेवटचे चार शब्द महत्त्वाचे, त्यांनी निम्मा ताण उतरतो. "आमची पॉलिसी आहे" किंवा "मेनूवर लिहिलंय" असं उत्तर आलं तर 4 जुलै 2022 ही तारीख सांगायची, आवाज न चढवता. तरी ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी बिलाचा फोटो काढून ठेवायचा, दोन्ही कागदांचा.

'नवीन बिल' असं मुद्दाम म्हणतो, त्याचं कारण हिशेबात आहे. समजा जेवण 1,400, दारू 1,800. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 320. मग जीएसटी 1,400 वर न लावता 1,720 वर लावला जातो, म्हणजे 70 ऐवजी 86. व्हॅट 180. एकूण 3,786. चार्ज नसता तर 3,450 झाले असते, फरक 336 चा. कॅप्टननं पेनानं 320 खोडून दिले तर वरचे 16 तुमच्याकडूनच गेले. 16 रुपयांसाठी कोण भांडतो, हे मान्य. पण नवीन बिल काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

त्याच दोन मिनिटांत बाकीच्या ओळी मोजून घ्याव्यात. चूक होते ती ठरावीक जागी: सोडा, मसाला पापड आणि 'रिपीट' म्हटलेले पेग. स्मॉल 30 मिलीचा, लार्ज 60 चा. गर्दीच्या रात्री स्मॉलचा लार्ज होऊन बसतो. लबाडीच असते असं नाही, एकाच ऑर्डरची केओटी, म्हणजे आत जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, दोनदा फाटते. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग लावलं असेल तर मात्र सोडून द्या. बसून प्यायच्या ठिकाणी ते चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्येच सांगितलंय.

आता टिप. चार्ज काढून घेतला आणि टिपही दिली नाही, हे मला पटत नाही. मग तत्त्व कसलं, नुसती काटकसर. जेवणावर मी कर सोडून 7 ते 10 टक्के धरतो. दारूवर टक्केवारी लावत नाही. महाग व्हिस्कीचा पेग आणायला वेटरला दोन चकरा पडत नाहीत. दारूला मी माणशी प्रत्येक राउंडचे 10 रुपये धरतो, बर्फ न्‌ चकणा वेळेवर येत असेल तर 20. वरच्या उदाहरणात दोघं, तीन राउंड: जेवणाचे 120 आणि दारूचे 60 ते 120, म्हणजे साधारण 200. ॲपवरून 30-40 टक्के सूट मिळाली असेल तर टिप मूळ रकमेवर धरायची. सूट हॉटेलनं दिली, वेटरच्या कामात कुणी सूट दिली नाही.

सावजी भोजनालयात हा हिशेब चालत नाही. तिथं पोरगा रस्सा दोनदा वाढतो, कांदा-लिंबू न मागता ठेवतो आणि बिल तोंडी ओरडून गल्ल्यावर सांगतो. माणशी 10-20 रुपये, थेट हातात. तर्री पोह्याच्या ठेल्यावर किंवा कूपन घेऊन उभं राहायच्या ठिकाणी काही देत नाहीत, अपेक्षाही नसते.

खरा घोळ ऑनलाइन पेमेंटचा आहे. बिल 3,450 चं आणि तुम्ही स्कॅन करून 3,650 पाठवले, तर वरचे 200 मालकाच्या खात्यात गेले. ते वेटरपर्यंत कधी आणि किती पोहोचतील, ते मालकाच्या मर्जीवर. म्हणून मी घरून निघतानाच 50 आणि 20 च्या नोटा वरच्या खिशात वेगळ्या ठेवतो. गल्ल्यावर रात्री अकराला पाचशेचे सुटे मागितले की "चिल्लर नाही" हेच ऐकायला मिळतं. अगदीच रोख नसेल तर वेटरच्या स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर मागावा, बहुतेकांकडे असतो. फोल्डरमध्ये ठेवलेली टिप पुष्कळ ठिकाणी डब्यात जाते आणि रात्री वाटली जाते, त्यात भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो. म्हणून आधी विचारतो, "टिप सगळ्यांत वाटता का?" हो म्हणाला तर फोल्डरमध्ये, नाही तर हातात. काउंटरवर बसून प्यायलो असेन तर बारमनचे वेगळे.

जेवण उशिरा आलं म्हणून टिप कापण्याआधी किचनकडे बघावं. ऑर्डर वेळेत गेली आणि तंदूर तुंबला असेल, तर त्यात वेटरचा काय दोष? ऑर्डर लिहायलाच विसरला असेल तर कमी द्यावी, पण कॅप्टनला कारण सांगून.

सात-आठ जण बसलो असू तर बिल वाटण्याआधीच टिप रकमेत मिळवायची. नाहीतर जो तो आपला वाटा पाठवतो, 'टिप त्यानं दिली असेल' म्हणत गाडी काढतो, आणि वेटर रिकामं फोल्डर उचलतो.