तुम्ही विचारलंत म्हणून: फोगर्टीचं गाव कुठलं?

गिटार वाजवणाऱ्या मित्रांमध्ये विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो. "अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक जॉन फोगर्टी कॅलिफोर्नियाचा. लुइझियानाच्या दलदलीत तो वाढलेला नाही. मग त्याचं 'बॉर्न ऑन द बायू' (बायू म्हणजे तिकडचा दलदलीतला संथ ओढा) ही सरळ सरळ थापच झाली की! आणि त्याला तू मातीतला गवई म्हणतोस?" पुण्याहून येणारे पाहुणे तर तो लुइझियानाचाच असं धरून चालतात. खरं कळलं की कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा करतात.

मी राहतो कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला, म्हणजे त्याच्या गावाला लागूनच. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, त्याचा कार्यक्रम असला की शक्यतो चुकवत नाही. तेव्हा हे उत्तर थोडं शेजारधर्माचंही आहे, ते गृहीत धरा.

फोगर्टी १९४५ साली बर्कलीत जन्मला आणि शेजारच्या एल सेरिटोत वाढला. स्टू कुक आणि डग क्लिफर्ड त्याला तिथल्या शाळेत भेटले. मोठा भाऊ टॉम घरातलाच. हेच चौघे पुढे 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' हा बँड झाले. एल सेरिटो म्हणजे टेकडीच्या उतारावरची मध्यमवर्गीय घरं. मगर बघायची तर प्राणिसंग्रहालय गाठावं लागेल. इथपर्यंत विचारणाऱ्याचं बरोबर आहे.

पण दुसऱ्या महायुद्धात या रिचमंडमध्ये उद्योगपती हेन्री कायझरच्या जहाजं बांधायच्या चार गोद्या होत्या. तिथून ७४७ जहाजं पाण्यात उतरली. ती बांधायला लुइझियाना, टेक्सस, आर्कान्सा, ओक्लाहोमा इथून माणसं आली, काळी आणि गोरी दोन्ही. १९४० साली पंचवीस हजारांचीही वस्ती नसलेलं गाव तीन-चार वर्षांत चौपट झालं. बिऱ्हाडाबरोबर त्यांचं गाणंही आलं. नॉर्थ रिचमंडमध्ये ब्लूजचे, म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचे, क्लब निघाले, ओकलंडचा सेव्हन्थ स्ट्रीट तर त्यासाठीच ओळखला जायचा. ओकलंडच्या केडब्ल्यूबीआर रेडिओवर रिदम अँड ब्लूज लागायचं आणि एल सेरिटोतला शाळकरी फोगर्टी ते कान देऊन ऐकायचा. लालबागच्या चाळीत वाढलेल्या पोराच्या पायात जाखडीचा ठेका असला तर "तू चिपळूणला कधी राहिलास?" असं आपण त्याला विचारतो का? कोकण गिरणीत कामाला आलं होतं, तसे लुइझियाना-टेक्सस इथे गोदीत आले होते.

आता गिटार. 'बॉर्न ऑन द बायू'च्या सुरुवातीला एकटी गिटार वाजते, एकच ई सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजायचे स्वर) सुटी सुटी करून. अँपवर (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) ट्रेमोलो लावलेला, त्यामुळे आवाज ठरावीक वेगाने कमी-जास्त होत राहतो. बोटांचं काम फार थोडं. नवशिक्याला तासाभरात जमेल, पण त्या ट्रेमोलोच्या वेगात हात नेमका बसवायला आयुष्य जातं. 'बॅड मून रायझिंग'ची गिटार तो अख्खा एक स्वर खाली उतरवून लावतो. तारा सैल पडतात, आवाज जाड होतो. ऐंशी ओलांडल्यावर गळा पातळ झालाय हे मान्य. वरच्या पट्टीत तो जपून जातो. उजवा हात मात्र अजून तोच आहे. शेजारी शेन आणि टायलर ही त्याची मुलं वाजवत असतात, पण नजर त्या हातावरून हलत नाही.

इथल्या प्रेक्षकांची तऱ्हा वेगळी. सत्तरीपुढचे आजी-आजोबा पुष्कळ, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी "त्याच्या वर्गात" होतं. हा वर्ग एकदा खरोखर भरवला तर ओकलंड कोलिझियम अपुरं पडेल. कोलिझियमवरून आठवलं. १९८० साली क्रीडन्सची एक लाइव्ह रेकॉर्ड लंडनच्या 'रॉयल अल्बर्ट हॉल'च्या नावाने बाजारात आली. मागाहून उलगडा झाला की टेप ३१ जानेवारी १९७०ची, याच कोलिझियममधली. नाव बदलावं लागलं. रेकॉर्ड काढणारी फँटसी कंपनी बर्कलीची, म्हणजे गावातलीच, आणि गावातली मैफल तिला ओळखता आली नाही!

त्या कंपनीशी त्याचं वैर जगजाहीर आहे. १९७२ साली बँड फुटला, गाण्यांचे हक्क फँटसीकडे राहिले, आणि फोगर्टीने स्वतःचीच जुनी गाणी गाणं वर्षानुवर्षं सोडून दिलं. पुढे 'सेंटरफील्ड' अल्बममधलं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे आपल्याकडे हक्क असलेल्या क्रीडन्सच्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असा फँटसीने दावा लावला. दोन्ही गाणी त्याचीच! १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात तो गिटार घेऊन साक्षीला बसला, वाजवून दाखवलं, आणि ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. मला विचाराल तर घराजवळची त्याची सगळ्यात मोठी मैफल हीच. श्रोते अगदी मोजके, पण ऐकणं त्यांना सक्तीचं होतं. हक्कांचा मोठा वाटा त्याच्याकडे परत यायला मात्र २०२३ उजाडलं. म्हणून आज तो क्रीडन्सचं 'प्राउड मेरी' सुरू करतो तेव्हा इथले म्हातारे नुसतं गाणं ऐकत नसतात.

बाकी त्याचं 'ग्रीन रिव्हर' ऐकून सगळ्यांना मिसिसिपीचा काठ दिसतो. ती आहे इथून तास-दीड तासावरची, विंटर्स गावाजवळची पुटा क्रीक नावाची छोटी नदी. लहानपणी फोगर्टी मंडळी सुटीत तिथे जायची. नाव उचललं ते सरबताच्या बाटलीवरून.

थापच पकडायची असेल तर 'लोडाय' पकडा. दारुड्यांपुढे वाजवत एका गावात अडकून पडलेल्या गवयाचं हे गाणं. हे लोडाय गाव तर अगदी जवळचं, आमच्याकडची मंडळी वाइनसाठी तिथे जातात. इथल्या कार्यक्रमात लोडायमध्ये अडकल्याची ओळ आली की सगळे मिळून ओरडतात. आणि फोगर्टीने स्वतः सांगितलंय की गाणं लिहिलं तोवर तो त्या गावी गेलेलाच नव्हता. नाव कानाला बरं वाटलं, एवढंच. तेव्हा बायूवरून भांडायला येऊ नका, लोडायवरून या. तिथे मी त्याची बाजू घेणार नाही.