वहीतला घाट

आळंदीहून पंढरीच्या वारीला निघताना माझ्या पिशवीत एक जाड वही होती आणि मनात, आता कबूल करायला हरकत नाही, एक तयार लेख होता. माउलींच्या रथाला दिवे घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपल्या आहेत, वळणावळणाचा रस्ता भगव्या पताकांनी भरून गेला आहे आणि ते पाहून लेखिकेचे डोळे पाणावले आहेत, असा एक परिच्छेद मी घरीच जुळवून ठेवला होता. सासवडच्या मुक्कामी तंबूत पालथे पडून मी तो वहीत उतरवला आणि शेजारच्या मावशींना मोठ्या हौसेने वाचून दाखवला.

त्या टाचांच्या भेगांत तेल जिरवत होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "माउली, पण घाटात तर तू टँकरात बसली होतीस की!"

ते खरेच होते. वडकीचा विसावा आटोपून उठले तेव्हा तळपायाचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. पाण्याच्या टँकरमध्ये चालकाशेजारी जागा मिळाली आणि सगळा घाट मी काचेतून पाहिला. डोळ्यांत पाणी आले नव्हते, कोरडे मोजे मात्र फार आठवले होते. खोटे लिहिल्यापेक्षाही लिहिताना काहीच टोचले नाही, हे मला अधिक लागले. इतरांच्या वर्णनांतून उचललेली भावना हाताच्या इतकी सवयीची झाली होती, की ती आपली नाही हे ध्यानातच आले नाही.

वाल्ह्याच्या तळावर समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीला, उभी होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम वाजत असतात, चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात एवढा मोठा तळ निःशब्द होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि मगच पुढचे होते. त्या दिवशी एका कोपऱ्यातले टाळ थांबेनात. भक्तीने भारलेल्या त्या शांततेत आपली अडचण वाजवून सांगायला कोणालाही संकोच वाटत नव्हता आणि त्यामुळे आरतीचे काही उणेही होत नव्हते. मी मात्र माझा फोड लपवून बसले होते.

रात्री ते पान फाडले नाही, खोडले. त्याखाली टँकर, चिकटलेला मोजा आणि चालकाने दिलेले अर्धे केळे लिहिले. गद्य काही देखणे झाले नाही. मावशींनी तेही ऐकले, मान डोलावली आणि आवाज खाली आणून सांगितले, की गेल्या साली त्यांनीही तो घाट गाडीतूनच केला होता. घरी मात्र सारी वाट पायी चालल्याचे सांगितले होते.

"तेवढं लिही," त्या म्हणाल्या, "पण गावाचं नाव घालू नको."